स्टिअरिंगमध्ये प्ले आलाय: कुठला सांधा गेला हे कसं ओळखायचं, कसा बदलायचा? (कोकणातल्या गाड्यांसाठी)

कातळसडा, रत्नागिरी

पावसाळा तोंडावर आला की गॅरेजमध्ये ठरलेली तक्रार येते. खड्ड्यात गाडी खडखडते, हँडल सैल वाटतं, हायवेला सरळ धरून ठेवावी लागते. त्यावर ठरलेला उपाय होतो: दोन्ही टाय रॉड एंड नवे, अलाइनमेंट, बिल. निम्म्या वेळा आवाज तसाच राहतो, कारण दोष दुसऱ्याच सांध्यात असतो. म्हणून या धाग्यात आधी दोष शोधण्याबद्दल बोलू आणि मग बदलण्याबद्दल.

चर्चा रॅक-पिनियनच्या छोट्या गाड्यांपुरती ठेवूया: ऑल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, आय१०, टियागो वगैरे. हँडलपासून चाकापर्यंतचा क्रम डोक्यात ठेवा. हँडल, कॉलम, त्याच्या खाली दोन यूजे (युनिव्हर्सल जॉइंट, कोनात फिरणारे सांधे) असलेला छोटा शाफ्ट, मग रॅक (डावी-उजवीकडे सरकणारा दातेरी दांडा; त्याला सरकवणारं छोटं दातेरी चाक म्हणजे पिनियन). रॅकच्या दोन्ही टोकांना रबरी बुटात लपलेला रॅक एंड, त्याच्या बाहेरच्या टोकाला टाय रॉड एंड, आणि तो चाकाच्या नकलमध्ये (चाक पेलणाऱ्या धातूच्या भागात) बसतो. यापैकी कुठेही झीज झाली तर हँडलला प्ले, म्हणजे सैलपणा, जाणवतो. लोअर आर्मचा बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग, शॉकच्या वरचं बेअरिंग आणि लिंक रॉड हे स्टिअरिंगचे भाग नव्हेत, पण त्यांचे आवाज नेमके तिथूनच आल्यासारखे वाटतात.

पहिली मोजणी अगदी सोपी. चाकं सरळ ठेवा, गाडी जमिनीवर उभी. हँडलच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि चाक हलायला लागेपर्यंत हँडल डावी-उजवीकडे किती फिरतं ते पट्टीने मोजा. बऱ्याच मारुती गाड्यांत कडेवर ० ते ३० मिमी ही मर्यादा दिलेली असते. माझं मत विचाराल तर रॅकच्या गाडीत १२-१५ मिमीच्या पुढे गेलं की खाली वाकून बघायलाच हवं. तीसपर्यंत थांबू नये.

पाना_सतरा, चिपळूण

चांगला विषय काढलात. तपासणीची जी पद्धत सर्वात जास्त सांगते ती गाडी जॅकवर न घेता करायची असते. चाकावर गाडीचं वजन असलं की सांधा दाबलेला राहतो आणि झीज लगेच कळते. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. एकाने इंजिन चालू ठेवून हँडल मध्यापासून दोन्हीकडे साधारण दोन-दोन इंच भराभर हलवायचं, जोर लावून फिरवायचं नाही. दुसऱ्याने चाकाच्या मागून हात घालून एकेक सांधा बोटांनी धरायचा. अर्धी बोटं टाय रॉड एंडच्या घरावर, अर्धी नकलच्या डोळ्यावर (ज्या भोकात तो एंड बसतो). दोन्ही एकत्र हलले तर सांधा ठीक. एक आधी हलतो आणि दुसरा मागून, किंवा बोटाला टिचकी लागते, तर तो गेला.

रॅक एंड दिसत नाही, तो बुटात असतो. मऊ रबराचा बूट असेल तर बाहेरूनच चिमटीत धरा, आतली टिचकी हाताला लागते. कडक प्लॅस्टिकचा असेल तर बाहेरची क्लिप काढून बूट मागे सरकवावा लागतो.

मग जॅक आणि स्टँड लावून चाक उचला. जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणी जायचं नाही, स्टँड हवाच.

घड्याळातल्या ३ आणि ९ वर धरून हलवा. प्ले आला तर टाय रॉड एंड, रॅक एंड किंवा रॅक.

१२ आणि ६ वर धरून हलवा. प्ले आला तर व्हील बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट. आता दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग. तरीही राहिला तर बॉल जॉइंट, आणि तो पहारीने लोअर आर्म खाली दाबून पक्का करा.

दोन्ही दिशांना सारखाच प्ले असेल तर आधी बेअरिंगवरच संशय घ्या.

कुडाळचो

हँडलला अजिबात प्ले नाही, गाडी सरळ जाते, टायरही सारखे झिजलेत. पण ३० च्या आत, बारीक खड्ड्यांच्या रस्त्यावर पुढून टकटक येते. स्पीड ब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली की आवाज नाही. मेकॅनिक रॅक बदलायला सांगतात.

पाना_सतरा, चिपळूण

@कुडाळचो, रॅकला हात लावू नका. तुम्ही लिहिलेलं शेवटचं लक्षणच उत्तर आहे. स्टॅबिलायझर बारची (दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याची) लिंक रॉड तेव्हाच काम करते जेव्हा एक चाक वर आणि दुसरं खाली असतं. दोन्ही चाकं एकदम चढली तर बार फिरतो पण लिंकवर ताण येत नाही, म्हणून आवाज नाही. गाडीला लिंक रॉड असेल तर दोन्ही बाजूंच्या लिंक सोडून, त्यांचे नट-बोल्ट काढून ठेवून, त्याच रस्त्यावर हळू चालवून बघा. घाटात किंवा हायवेला नाही, फक्त गल्लीत. आवाज गेला तर दोष सापडला. लिंक नसलेल्या गाडीत बारचे रबर बुश बघा.

हर्णै_बंदर

हेच सांधे देशावरच्या गाड्यांपेक्षा इकडे लवकर का जातात, त्याबद्दल लिहितो.

सांधा म्हणजे एका वाटीत बसवलेला गोळा, भोवती प्लॅस्टिकचं अस्तर, आत कारखान्यातच भरलेलं ग्रीस आणि वर रबरी टोपी. टोपी शाबूत असेल तर सांधा वर्षानुवर्षं चालतो. टोपीला चीर पडली की पाणी आत जातं, ग्रीस धुतलं जातं, गोळ्यावर गंज चढतो आणि तो गंजच कानशीसारखा अस्तर खातो. किनाऱ्याच्या पट्ट्यात वर्षाला तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यात जांभ्याची तांबडी माती. ती माती ओली असताना टोपीच्या घडीत भरते, उन्हाळ्यात सुकून कडक होते आणि हँडल फिरवताना रबर तिथेच फाटतं. खारी हवा आटे आणि नट खाते, त्यामुळे सांधा बदलायच्या वेळी लॉक नट (एंडला रॉडवर जागेवर धरणारा नट) हलत नाही.

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला अशा फेरी नेहमी घेणाऱ्यांनी आणि गाडी पुळणीवर उतरवणाऱ्यांनी (खरं तर उतरवूच नये) त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवावं. पण प्रेशर पंपाची नळी थेट रबरी टोपीच्या ओठावर धरायची नाही. त्या दाबाने पाणी ओठ उचलून आत जातं आणि बाहेरून काहीच फाटलेलं दिसत नाही. हात लांब ठेवून, पसरट धारेने धुवा.

आणखी एक. गाडी उभी असताना कातळावर किंवा खडीवर जागच्या जागी हँडल कचकन वळवायची सवय सोडा. चाक घासत फिरतं तेव्हा टाय रॉडवर चालत्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. गाडी थोडी सरकवत वळवली तरी पुरतं.

कातळसडा, रत्नागिरी

हर्णै_बंदर यांनी मूळ कारण नेमकं मांडलं. उंदरांचीही भर घाला. पावसात ते गाडीखाली आसऱ्याला येतात आणि रॅकचा बूट कुरतडतात.

आता टाय रॉड एंड बदलण्याचा क्रम. सामान: नवा एंड (नट आणि स्प्लिट पिनसकट), १७ आणि १९ चे पाने किंवा तुमच्या गाडीला लागतील ते, वायर ब्रश, गंज सोडवायचं तेल, बॉल जॉइंट पुलर, दोन जड हातोड्या, टॉर्क पाना, पट्टी आणि खडू.

आदल्या संध्याकाळी लॉक नटच्या दोन्ही बाजूंचे आटे वायर ब्रशने साफ करून तेल मारून ठेवा. आमच्याकडच्या गंजाला रात्रभर लागतेच. सकाळी पुन्हा एकदा मारा.

चाकाचे नट जमिनीवरच सैल करा, मग जॅक, मग स्टँड, मग चाक काढा. लॉक नट सोडताना एंड दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर पूर्ण रॉड फिरतो आणि रॅकचा बूट पिळला जातो. लॉक नट फक्त पाव फेरा सोडायचा. तो तिथेच राहिला की नव्या एंडला जागेची खूण मिळते. तरीही गोळ्याच्या मध्यापासून लॉक नटपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा.

स्प्लिट पिन सरळ करून काढा, कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेला) सोडा, पण पूर्ण काढू नका, शेवटच्या आट्यांवर राहू द्या. पुलर लावून ताण द्या आणि नकलच्या डोळ्याला बाजूने एक ठोका. टेपर (स्टडचा, म्हणजे एंडच्या आटेवाल्या दांडीचा, डोळ्यात रुतलेला निमुळता भाग) टक्कन सुटतो. पुलर नसेल तर डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडी टेकवून समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोडीने मारा. स्टडच्या टोकावर मारायचं नाही, आटे मशरूमसारखे पसरतात आणि मग नटही निघत नाही. ब्रेकची होज आणि एबीएसची वायर जवळच असते, तिकडे लक्ष ठेवा. गॅसने तापवणं टाळा, नकल हा चाक पेलणारा भाग आहे.

जुना एंड फिरवून काढताना पूर्ण फेरे मोजा. नवा तेवढ्याच फेऱ्यांनी बसवा आणि मापाशी ताडून बघा, कारण वेगळ्या कंपनीच्या एंडची लांबी एखाद-दोन मिलिमीटर वेगळी निघते. नकलचं भोक आणि स्टडचा टेपर कोरड्या फडक्याने पुसा. तिथे ग्रीस किंवा तेल लावायचं नाही, टेपर कोरडाच धरतो.

कॅसल नट मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा. छोट्या गाड्यांत तो बहुधा ४० ते ५० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळून जुळवा, मागे सोडून कधीही नाही. पिन नेहमी नवी. नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला) नट असेल तर नटही नवा.

देवगड_तारामुंबरी

नट आवळताना किंवा सोडताना स्टडच नटासोबत गोल फिरतो तेव्हा काय करायचं?

कातळसडा, रत्नागिरी

टेपर घट्ट बसलेला नसतो म्हणून फिरतो. एंडच्या खालून छोटा जॅक लावून हलका दाब द्या, टेपर भोकात रुतेल आणि नट फिरेल. नकल वरून येणाऱ्या स्टडची असेल तर उलट, वरून पहारीने दाबा. काही एंडना स्टडच्या टोकाला अ‍ॅलन कीचं भोक असतं, तिथे धरता येतं.

महाडचा_सावित्रीकाठ

एकाच बाजूचा गेला असेल तर दोन्ही बदलायचे का? दुसरा चांगला असताना खर्च कशाला?

पाना_सतरा, चिपळूण

मी दोन्ही बदला म्हणेन. दोघांनी सारखंच पाणी आणि सारखेच खड्डे खाल्लेत. एक आज बदलला आणि दुसरा सहा महिन्यांनी गेला तर अलाइनमेंटचे पैसे दुसऱ्यांदा. आणि वाट वरंधा किंवा कुंभार्ली घाटातली असेल तर अर्धवट सांध्यावर विसंबू नये. गोळा वाटीतून सुटला की ते चाक हँडलचं ऐकत नाही.

हर्णै_बंदर

इथे माझं थोडं वेगळं मत. टोपी शाबूत, प्ले शून्य, आणि भाग कंपनीचा मूळ असेल तर तो काढून बाजारातला स्वस्त बसवणं म्हणजे चांगला देऊन वाईट घेणं. बाजारात डब्यावर नाव एक आणि आत भलताच भाग असे प्रकार आहेत. घ्यायचा तर गाडीच्या कंपनीचा किंवा राणेसारख्या स्टिअरिंगचे भाग बनवणाऱ्या ओळखीच्या कंपनीचा, पक्क्या बिलावर. नवा एंड हातात घेऊन स्टड हलवून बघा. तो घट्ट आणि सारख्या जोराने फिरला पाहिजे. स्वतःच्या वजनाने लोंबत असेल तर दुकानातच परत द्या.

टोपी फाटली आहे पण प्ले अजून नाही, अशा वेळी फक्त टोपी बदलावी का, हाही प्रश्न येतो. चीर नुकतीच पडली असेल, आतलं ग्रीस स्वच्छ असेल, तर उन्हाळ्यात चालेल. एकदा का ग्रीस तांबूस दिसलं की पाणी शिरलंय. मग टोपी बदलून किंवा सुईने ग्रीस भरून सांधा वाचत नाही, प्ले येणं फक्त थोडं लांबतं.

पाना_सतरा, चिपळूण

मान्य. बाजारातला दर्जा खात्रीचा नसेल तर चांगला मूळ भाग राहू द्यावा.

रॅक एंडबद्दल लिहितो, कारण यात जास्त चुका होतात. टाय रॉड एंड आणि लॉक नट काढल्यावर बुटाच्या दोन्ही क्लिपा सोडून बूट बाहेर घ्या. आत पाणी किंवा तांबडा चिखल निघाला तर रॅकच्या दांड्यावर गंज आहे का बघा. खड्डे पडले असतील तर नवा रॅक एंड घालून उपयोग नाही, तो गंजलेला दांडा आतला बुश खाईल. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत बुटातून तेल निघालं तर रॅकची सील गेली आहे, नुसता बूट बदलून भागत नाही.

लॉक वॉशरचा वाकवलेला कान सरळ करा. रॅक एंड सोडताना रॅकचा दांडा त्याच्या चपट्या बाजूवर पान्याने धरायचा. नुसता पाईप पाना लावून झटका दिला तर तो सगळा जोर दांड्यातून पिनियनच्या दातांवर जातो. जागा अडचणीची असते, त्यासाठी नळीसारखं खास टूल मिळतं, ते भाड्याने किंवा उसनं मिळवा. नवा एंड नव्या वॉशरसकट आवळून कान पुन्हा वाकवा. वॉशर नसलेल्या गाडीत आटे धुऊन-पुसून लॉकिंग लिक्विड लावायचं. दांड्यावर लिथियम ग्रीसचा पातळ थर द्या. बूट नवा घाला. त्याचं छोटं तोंड रॉडवरच्या खाचेतच बसलं पाहिजे आणि बूट पिळलेला नको. अलाइनमेंटवाला रॉड फिरवतो तेव्हा हाच बूट पिळला जातो, म्हणून तिथून निघताना वाकून एकदा बघा.

कातळसडा, रत्नागिरी

यात एक धोक्याची गोष्ट जोडतो. रॅकच्या मागे एक मोठा अ‍ॅडजस्टिंग नट असतो, तो स्प्रिंग आणि पॅडने दांड्याला पिनियनवर दाबून ठेवतो. प्ले घालवायचा सोपा मार्ग म्हणून तो आवळून दिला जातो. हे करू देऊ नका. रॅकचे दात मध्यावर जास्त झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मध्यावरचा प्ले जाईपर्यंत नट आवळला की टोकांकडचे न झिजलेले दात जाम होतात. आंबोलीच्या किंवा भुईबावड्याच्या वळणावर हँडल पूर्ण वळवलंत आणि ते परतच आलं नाही, तर काय होईल ते सांगायला नको. झीज तिथे असेल तर रॅक बदलणं हाच उपाय.

आपल्या उजव्या हँडलच्या गाड्यांत पिनियन उजवीकडे असतो आणि डाव्या टोकाला दांड्याला आधार देणारा बुश. डाव्या चाकाकडून खडखड येत असेल आणि सांधे सगळे घट्ट असतील, तर डावीकडचा रॉड रॅकजवळ धरून वर-खाली हलवा. दांडाच हलला तर बुश गेला. काही गाड्यांना तो सुटा मिळतो, पण रॅक उतरवावा लागतो.

कुडाळचो

लिंक रॉडच होती. दोन्ही बदलल्या, टकटक बंद. @पाना_सतरा, आभार.

दुसरी गाडी गावच्या घराशी वर्षाचे आठ-नऊ महिने उभीच असते, मुंबईची माणसं गणपती, शिमगा आणि मे महिन्यात चालवतात. तिचं हँडल एका फेऱ्यात दोन ठिकाणी जड लागतं आणि वळणानंतर आपोआप परत येत नाही. प्ले नाही.

हर्णै_बंदर

एका फेऱ्यात दोनदा जड म्हणजे कॉलमखालचा यूजे. त्याच्या क्रॉसच्या बारीक बेअरिंगमध्ये गंज धरला की तो त्या दोन कोनांतच अडतो. उभ्या गाड्यांत हे फार होतं. शाफ्ट काढून हातात वाकवून बघा, यूजे सगळ्या दिशांना हलका फिरला पाहिजे. तेल मारून तात्पुरता सुटतो पण पुन्हा धरतो, म्हणून शाफ्टच बदलावा. काढण्याआधी चाकं सरळ, हँडल दोरीने सीटला बांधलेलं आणि दोन्ही टोकांना खडूच्या खुणा, एवढं विसरू नका. हँडल मोकळं फिरलं तर एअरबॅगची वळवलेली वायर तुटते.

परत न येण्याचं दुसरं कारण शॉकच्या वरचं बेअरिंग. एकाने हँडल फिरवायचं, दुसऱ्याने स्प्रिंगवर हात ठेवायचा. स्प्रिंग आधी ताणून मग टणकन सुटत असेल तर बेअरिंग गंजलंय.

देवगड_तारामुंबरी

खालचा बॉल जॉइंट गेला तर पूर्ण लोअर आर्म घ्यावा लागतो का?

पाना_सतरा, चिपळूण

बऱ्याच छोट्या गाड्यांत तो आर्मसोबतच येतो. आर्म बसवताना बुशचे बोल्ट हवेत आवळू नका. आधी नुसते धरवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा बॉनेट दाबा आणि मग आवळा. चाक लोंबतं असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकरच फाटतं.

महाडचा_सावित्रीकाठ

फेरे मोजून एंड बसवला तर अलाइनमेंट टाळता येते का?

कातळसडा, रत्नागिरी

नाही. हिशेब बघा. बऱ्याच एंडच्या आट्यांची पिच १.२५ मिमी असते. नकलचा आर्म १२० मिमी धरला तर एका फेऱ्याने चाक साधारण ०.६ अंश वळतं, म्हणजे १३ इंची रिमच्या पुढच्या-मागच्या कडेत तीन मिलिमीटरहून जास्त फरक. अर्धा फेरा चुकला तरी नवे टायर कडेने झिजायला लागतात. टो-इन (चाकं पुढून आत वळलेली) जास्त असेल तर बाहेरची कड जाते, टो-आउट (पुढून बाहेर वळलेली) असेल तर आतली. तळहात टायरवर आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागला तर टो बिघडलाय.

अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत जाण्यापुरतं घरी असं करा. सपाट जागेवर गाडी थोडी पुढे ढकलून थांबवा, मागे नाही. दोन्ही पुढच्या टायरच्या पुढच्या बाजूला, चाकाच्या मध्याच्या उंचीला खडूच्या खुणा करून अंतर मोजा. गाडी अर्धा फेरा पुढे ढकला म्हणजे त्याच खुणा मागच्या बाजूला येतील. पुन्हा मोजा. दोन मापांतला फरक दोन मिमीच्या आत आणा आणि हळू चालवत न्या. आधी हवा नीट भरा. प्ले असलेल्या गाडीचं अलाइनमेंट करून घेण्यात अर्थ नाही, मशीनवरचा आकडा पहिल्याच खड्ड्यात बदलतो.

हर्णै_बंदर

जुन्या जीपवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे रॅक नाही, स्टिअरिंग बॉक्स, ड्रॅग लिंक आणि आडवा टाय रॉड असतो. रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, जोर लावायच्या आधी बघून घ्या. निपल (ग्रीस भरायची तोंडं) असतील तर दर पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रीस भरा, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. बॉक्सच्या वरचा स्क्रू आवळून प्ले घालवायलाही वर सांगितलेलाच धोका लागू.

महाडचा_सावित्रीकाठ

अलाइनमेंट झालं. गाडी सरळ जाते, पण हँडल थोडं उजवीकडे वाकडं राहतं. दुकानदार म्हणतात हँडल काढून सरळ लावून देतो.

कातळसडा, रत्नागिरी

लावू देऊ नका. हँडल काढलं की रॅकचा मध्य आणि हँडलचा मध्य जुळत नाही, गाडी एका बाजूला कमी वळते आणि इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या सेन्सरचाही गोंधळ होऊ शकतो. त्यांना हँडल क्लॅम्पने सरळ पकडून दोन्ही रॉड पुन्हा सेट करायला सांगा. एक जेवढा आत, तेवढाच दुसरा बाहेर. टो तोच राहतो, हँडल मध्यावर येतं. नंतर दोन्ही लॉक नट तुमच्यासमोर आवळून घ्या, आणि शंभरेक किलोमीटर चालवल्यावर चाकाच्या नटांसोबत तेही एकदा तपासा.